मधली तार

पहाटेचे चार वाजलेले असतात. पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा उतरवून रिकामा झालेला दहा टायरी ट्रक निघायच्या बेतात असतो. ड्रायव्हर चावी फिरवतो आणि खालून एकच आवाज येतो, ‘कट्’. पुन्हा फिरवतो, पुन्हा ‘कट्’. डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि परत उजळतात. त्या वेळी आसपास जेवढी माणसं जागी असतील तेवढ्यांचं निदान तयार असतं : बॅटरी गेली. चहावाल्याचंही मत तेच. उजाडल्यावर नाना पेठेतून नाहीतर निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीतून बॅटऱ्या येतात, गाडी एका झटक्यात चालू होते, आणि तीन महिन्यांनी पुन्हा ‘कट्’.

मेलेल्या बॅटरीलाच खुनी ठरवायची ही पद्धत. बॅटरी मेली हे खरं असतं, पण तिला मारलं कुणी ही चौकशी होत नाही. नवी बॅटरी आली की जुना आजार तीन महिने झाकला जातो आणि पुढचा बळी आत येऊन बसतो. दोन बॅटऱ्यांच्या गाडीत तर ही चौकशी जास्त गरजेची असते आणि गंमत म्हणजे जास्त सोपीही असते. कारण शेजारी बसलेल्या दोघी एकमेकींबद्दल साक्ष देतात. फक्त दोघींना वेगवेगळं विचारावं लागतं.

आधी जोडणी समजून घेऊ. आपल्याकडच्या मोठ्या डिझेल ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणजे मिळून २४ व्होल्ट. एकीचा मायनस चॅसीला, तिचा प्लस एका आखूड जाड केबलने दुसरीच्या मायनसला, आणि दुसरीचा प्लस गाडीला. चॅसीकडच्या बॅटरीला इथे खालची म्हणू, गाडीला प्लस देणारीला वरची. बॉक्समध्ये त्या शेजारीशेजारी बसलेल्या का असेनात. २४ व्होल्ट कशाला, तर सेल्फसाठी, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरसाठी. ४ किलोवॉटची सेल्फ मोटर १२ व्होल्टवर सव्वातीनशेहून जास्त अँपियर मागेल, २४ वर त्याच्या निम्मे. करंट निम्मा झाला की तेवढ्याच जाडीच्या केबलमध्ये होणारा घाटाही कमी होतो.

मोबाईलवर ‘ड्युअल बॅटरी डिझेल ट्रक’चे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकी पिकअपचे असतात. तिथे दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच, पण पॅरलल असतात : प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्टेज १२च राहतं आणि ताकद दुप्पट होते. तिथे एक बॅटरी आतून शॉर्ट झाली की ती दुसरीला रात्रभर पीत बसते, म्हणून तपासण्याआधी दोघींना सोडवून वेगळं करावं लागतं. आपल्या सिरीजमध्ये असं पिणं होत नाही. इथे दोघींतून तोच, तेवढाच करंट जातो. एक बॅटरी कमकुवत असेल तर चांगलीलाही तिच्याच चालीने चालावं लागतं. म्हाताऱ्या बैलाशेजारी तरणा बैल जुंपला म्हणून गाडी पळत नाही, तरणा बैल मात्र जायबंदी होतो. तेव्हा व्हिडिओतला माणूस केबल कुठून कुठे लावतोय ते डोळे मिटून इथे करू नये. २४ व्होल्टच्या गाडीत प्लसला प्लस जोडायचा मोह झालाच, तर निदान पाना मित्राचा असू द्यावा.

हत्यारं फार लागत नाहीत. तपकीर गल्लीत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो. केबल न सोडता तिच्याभोवती चिमटा अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यायचा तर तो डीसी करंट मोजतो का हे दुकानातच बघावं. स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि ट्रकवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. एक हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडच्या पाण्याची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणारी नळी. आणि २४ व्होल्टचा, २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरमध्ये बसवून दोन वायरी काढलेला घरगुती टेस्ट लॅम्प. हा लॅम्प मीटरपेक्षा अधिक खरा बोलतो. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीच्या वीस धाग्यांतला एकच धागा शिल्लक असला तरी तो ऐटीत २४ व्होल्ट दाखवतो. बल्ब पाऊण-एक अँपियर ओढतो. धागा कुजका असेल तर बल्ब मिणमिणतो आणि खोटं उघडं पडतं. एलईडीवाला टेस्टर मात्र मीटरसारखाच फसवतो. आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, वायरींना हा बल्ब लावायचा नाही, तिथे मीटरच.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी असताना, काही चालू करायच्या आधी. ते शक्य नसेल तर हेडलाईट दोन मिनिटं लावून बंद करावेत, पाच-दहा मिनिटं थांबावं, म्हणजे प्लेटांवर चढलेला वरवरचा चार्ज उतरतो. मग वरची बॅटरी वेगळी, खालची वेगळी मोजायची. दोन टोकांना मीटर लावून २४.८ आलं आणि ‘ठीक आहे’ म्हणून बॉक्स बंद केला तर काहीच मोजलं नाही असं समजावं. २४.८ म्हणजे १२.४ आणि १२.४ असू शकतं. तेव्हा दोघी थोड्या उतरलेल्या आहेत, चार्ज केल्या की झालं. २४.८ म्हणजे १२.७ आणि १२.१ही असू शकतं, आणि तो आजार पूर्ण वेगळा आहे. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२च्या आसपास अर्धी, ११.९च्या खाली जवळपास रिकामी. दोघींतला फरक ०.२ व्होल्टच्या वर गेला की थांबून विचार करावा. एखादी १०.५च्या आसपास अडली असेल तर तिच्या सहांपैकी एक सेल मेला. तिथे चर्चा संपली.

झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल बघावेत. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी किती असावी ते कंपनी सांगते, उष्ण हवेसाठीच्या बॅटऱ्यांत ती थोडी कमी ठेवतात. आकड्यापेक्षा सेलांमधला फरक महत्त्वाचा. पाच सेल १.२४० आणि एक १.१८०, तर तो एक सेल बॅटरीला घेऊन जाणार. पाणी आत्ताच घातलं असेल तर लगेच मोजू नये. ते मिसळायला गाडी चालावी लागते. आणि घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, प्लेटांच्या वर साधारण १० ते १२ मिलिमीटर. बोअरचं पाणी नाही, आणि ॲसिड तर नाहीच. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. पाण्याच्या जागी ॲसिड ओतणारे गॅरेजवाले अजून आहेत आणि हायड्रोमीटरचा आकडा त्यांनी सुंदर वाढलेला दिसतो. बॅटरीचं आयुष्य तेवढंच सुंदर घटतं.

आता त्या १२.७ आणि १२.१ची गोष्ट. आपल्याकडच्या ट्रकमधला हा सगळ्यात रुजलेला रोग आहे आणि तो कारखान्यातून येत नाही, केबिनच्या हौसेतून येतो. म्युझिक सिस्टिम १२ व्होल्टची असते, केबिनमधला छोटा पंखा १२ व्होल्टचा, मोबाईल चार्जर कारचा, देवाच्या फोटोभोवतीची रंगीत एलईडी पट्टीही १२चीच. गाडी २४ची. मग वायरिंगवाला काय करतो, तर दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या केबलच्या बोल्टावर एक पातळ वायर अडकवतो. तिथे चॅसीच्या हिशेबाने बरोबर १२ व्होल्ट मिळतात. टेप वाजतो, पंखा फिरतो, दीडशे रुपयांत काम होतं. आणि त्या दिवसापासून खालची बॅटरी एकटी दोघींचं ओझं वाहू लागते.

हिशेब करून बघा. टेप, पंखा आणि दिवे मिळून २ अँपियर धरले आणि गाडी नंबर लागण्याची वाट बघत चाकणच्या कंपनीच्या गेटवर ८ तास उभी राहिली, तर १६ अँपियर-अवर गेले आणि ते सगळे खालच्या बॅटरीतून. वरचीतून एक थेंब नाही. मग इंजिन चालू होतं. आल्टर्नेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटऱ्या भरणाऱ्या यंत्राला, मधली तार दिसत नाही, त्याला फक्त दोन टोकांमधले २८ व्होल्ट माहीत. तो दोघींना सारखाच करंट देतो. वरची आधीच भरलेली, तिचं व्होल्टेज लगेच चढतं. खालची रिकामी, तिचं रेंगाळतं. २८ची वाटणी १४-१४ अशी व्हायच्या ऐवजी १५.२ आणि १२.८ अशी होते. वरची उकळते, पाणी उडवते, झाकणांवर ॲसिडची ओल धरते. खालची कधीच पुरी भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. एक जास्त खाऊन मरते, एक उपाशी. वर्षभरात दोघी जातात आणि शिव्या बॅटरीच्या कंपनीला.

हा रोग ओळखायला बॉक्स उघडताच तीन खुणा पुरतात : एकाच बॅटरीला सारखं पाणी लागतं, दुसरी कायम उतरलेली, आणि मधल्या बोल्टावर कारखान्याच्या जाड केबलांशिवाय एखादी लाल-पिवळी पातळ वायर. खात्री हवी तर इंजिन साधारण १२०० आरपीएमवर ठेवून दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं घ्यावं. पंधरा मिनिटं गाडी चालल्यानंतरही दोघींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक राहिला तर वाटणी बिघडलेली आहे. उपाय एकच, ती वायर काढून २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवणं. तो दोन्ही टोकांवरून वीज घेतो, म्हणून ओझं दोघींवर सारखं पडतं. ५ अँपियरची गरज असेल तर १० अँपियरचा घ्यावा, त्याच्या २४च्या बाजूला बॅटरीजवळच फ्यूज असावा, आणि शक्यतो चावीवरून रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) लावून चालू व्हावा. नुसता रेझिस्टन्स टाकून व्होल्टेज पाडणारा जुगाड बाजारात मिळतो. तो तापतो आणि लोड बदलला की त्याचं व्होल्टेजही बदलतं.

एवढं झाल्यावर सुटला प्रश्न, असं मात्र नाही. ‘कट्’ आवाजाची बाकीची कारणं बॅटरीच्या बाहेर असतात. ती शोधताना एक माप असं आहे की ते घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये : सेल्फ मारत असताना व्होल्टेज कुठे जातं?

तयारी आधी. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. इंजिन चालू होऊ द्यायचं नाही. जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉप ओढून धरता येतो, नव्या गाडीत इंधन कसं तोडायचं ते त्या मॉडेलच्या पुस्तकात बघावं. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर विश्रांती. बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवावं. बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो, तेव्हा बिडी लांब.

एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. पहिल्यांदा दोन टोकांवर. येणारा आकडा तीन वाटांपैकी एक दाखवतो. ‘कट्’ झालं आणि बॅटरीवर व्होल्टेज २४च्या वरच राहिलं, तर करंट निघालाच नाही : सॉलेनॉइडचे, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे, आतले कॉन्टॅक्ट जळले, सेल्फचे कार्बन झिजले, नाहीतर रस्ता मध्येच तुटलाय. बॅटरीवर व्होल्टेज १५-१६पर्यंत कोसळलं, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फ आतून अडकून भलताच करंट खातोय. आणि बॅटरीवर २२ राहिलं पण सेल्फच्या जाड बोल्टावर आणि त्याच्या बॉडीत मिळून १४च पोचले, तर मधले ८ व्होल्ट केबल आणि जोडांनी गिळले. नवी बॅटरी यांपैकी फक्त एका वाटेवर कामाची, तीही अर्धीच. बाकीच्या दोन वाटांवर ती तात्पुरतं पांघरूण घालते, कारण तिचा जोर ताजा असतो आणि खराब जोडातूनही ती कसाबसा करंट ढकलते.

दुसरी वाट निघाली तर लगेच दोघींना वेगवेगळं मोजावं. चांगली भरलेली बॅटरी सेल्फ चालू असताना ९.६च्या खाली जाऊ नये. वरची १०.८ वर टिकते आणि खालची ७.५ला जाते, तर दोष खालचीत. दोघी सारख्याच बुडत असतील तर आधी दोघी भरून पुन्हा बघावं. तरीही बुडाल्या तर सेल्फचा करंट डीसी क्लॅम्पने मोजून मगच बॅटऱ्यांवर शिक्का मारावा.

तिसरी वाट सगळ्यात रंजक आणि सगळ्यात दुर्लक्षित. सेल्फ मारताना मीटरचा लाल टोक वरच्या बॅटरीच्या प्लस खुंटाच्या शिशावर ठेवावा, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि काळा सेल्फच्या जाड बोल्टावर. जो आकडा येईल तो वाटेत गळालेला. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर छान, एकच्या वर गेला तर पुढे-पुढे सरकत प्रत्येक जोड असाच मोजावा : खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, बॅटरी गाडीपासून तोडणाऱ्या कटऑफ स्विचची एक बाजू ते दुसरी. मग मायनस बाजू, म्हणजे खालच्या बॅटरीचा मायनस खुंट ते सेल्फची बॉडी. इथे पाव ते अर्धा व्होल्ट खूप झाला. आणि मग ते माप, जे सहसा कुणी घेत नाही : वरच्या बॅटरीच्या मायनस खुंटापासून खालचीच्या प्लस खुंटापर्यंत, म्हणजे मधल्या केबलवर. फूटभराची केबल, तिच्यावर काय गळणार? पण तिच्या दोन्ही टोकांवर ॲसिडची वाफ सर्वात जास्त बसते, आणि वर सांगितलेली टेपची वायर अडकवण्यासाठी तोच बोल्ट दहादा सैल केलेला असतो. चांगल्या जोडणीत इथे ०.१ ते ०.२ यायला हवं. एक व्होल्ट आला की चोर सापडला.

हे मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर का बघत नाहीत? कारण चोर फार छोटा असतो. एखाद्या जोडात ०.०१ ओहमचा अडथळा असेल तर साध्या मीटरला तो दिसतही नाही, बीप वाजून ‘कंटिन्युइटी आहे’ म्हणून तो मोकळा होतो. त्याच जोडातून ३०० अँपियर गेले की ३ व्होल्ट गळतात आणि जवळपास एक किलोवॉट उष्णता तयार होते. म्हणूनच सेल्फ मारल्यावर जोडांवरून हात फिरवणारे जुने वायरिंगवाले चुकीचे नव्हते. जो जोड गरम लागतो तोच दोषी. फक्त फिरवायचा तो हात जपून.

जोड दुरुस्त करतानाही घाई नडते. पांढरी-निळसर बुरशी धुवायला गरम पाणी आणि खाण्याचा सोडा पुरतो; सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नये. खुंट आणि क्लॅम्प आतून चकचकीत होईपर्यंत घासावेत, घट्ट आवळावेत, आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. आधी ग्रीस फासून मग क्लॅम्प बसवला तर ग्रीसच मध्ये बसतं. केबलच्या टोकाचं थिंबल नुसतं हातोडीने चेपलेलं असेल तर ते कापून क्रिम्पिंगच्या पकडीने नवं बसवावं. आवरण सोलून बघितलं तर आतलं तांबं वीतभर हिरवं निघालेलं असतं. सोडताना चॅसीकडचा मायनस पहिला, जोडताना तोच शेवटचा. उलट केलं आणि पाना चॅसीला टेकला तर पाना वेल्ड होतो आणि माणूस घाबरतो, याच क्रमाने.

अर्थचं, म्हणजे चॅसीतून मायनसला परतणाऱ्या वाटेचं, प्रकरण प्लसपेक्षा जास्त लपलेलं असतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, केबिन पुढे झुकणारी; म्हणून इंजिन ते चॅसी आणि केबिन ते चॅसी वेगळ्या अर्थ पट्ट्या दिलेल्या असतात. गिअरबॉक्सचं काम झालं की इंजिनची पट्टी लावायची राहून जाते किंवा रंगावरच आवळली जाते. मग सेल्फचा करंट मिळेल त्या रस्त्याने चॅसीला जातो, क्लचची केबल, गिअरची केबल, एखादा पाइप. केबल तापून आतलं प्लास्टिक वितळतं आणि तक्रार मात्र ‘क्लच जड झाला’ अशी येते.

आता आल्टर्नेटर. अजून त्याला डायनामो म्हणणारी पिढी आहे, म्हणू द्यावं. पण त्या पिढीची एक सवय मात्र बंद व्हायला हवी : इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा, गाडी चालू राहिली तर ‘डायनामो चांगला’. बॅटरी हा त्या लाईनमधला धक्के पिणारा उशीचा थर आहे. तो चालू गाडीत अचानक काढला तर आल्टर्नेटरचं व्होल्टेज क्षणभर १०० व्होल्टच्याही वर उसळू शकतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत एखादा बल्ब उडायचा. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंधन सोडणाऱ्या, गाडीत ईसीयू उडू शकतो, आणि त्याच्या किमतीत बॅटऱ्यांच्या किती जोड्या येतात ते काउंटरवर विचारून बघावं.

योग्य तपासणी सोपी आहे. इंजिन १२०० ते १५०० आरपीएम, बॅटरीच्या टोकांवर २७.५ ते २८.५ व्होल्ट. हेडलाईट, ब्लोअर, वायपर लावल्यावरही २७च्या खाली घसरू नये. २९च्या वर चाललं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. कमी येत असेल तर आल्टर्नेटर काढायच्या आधी त्याच्या मागच्या बी-प्लस बोल्टावर, म्हणजे चार्जिंगची केबल निघते तिथे, मोजावं. तिथे २८.४ आणि बॅटरीवर २७.२, तर आल्टर्नेटर निर्दोष, केबल दोषी. बेल्ट अंगठ्याने दाबून बघावा, सेंटिमीटरभर दबायला हरकत नाही, जास्त नको. चावी लावल्यावर बॅटरीचा लाल दिवा पेटतो का तेही पाहावं. बऱ्याच गाड्यांत त्याच दिव्यातून आल्टर्नेटरला जाग येण्यापुरता करंट मिळतो. बल्ब उडाला म्हणून चार्जिंग बंद, आणि आल्टर्नेटर बिचारा उघडून पडलेला, असं सर्रास होतं.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू आणि लाईट लावलेल्या असताना बॅटरीवर पुन्हा एकदा बघावं. अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसला तर आल्टर्नेटरच्या एसीचं डीसी करणाऱ्या डायोड प्लेटमधला एखादा डायोड संशयित. फुटलेला डायोड दिवसा चार्जिंग कमी करतो आणि रात्री बॅटरी उलटी आल्टर्नेटरमध्ये रिकामी करतो. गाडी रात्रभर थंड झालेली असताना पहाटे आल्टर्नेटरला हात लावून बघा. इंजिन गार आणि आल्टर्नेटर कोमट, तर करंट तिथेच मुरतोय.

रात्रीत बॅटरी उतरण्याची बाकी कारणं शोधायला संयम लागतो. चॅसीकडच्या मायनस केबलमध्ये मीटर १० अँपियरच्या रेंजवर सिरीजमध्ये टाकायचा. केबल सोडण्याआधी एक पर्यायी वायर लावून ठेवावी, म्हणजे सर्किट तुटत नाही आणि ईसीयू पुन्हा जागा होत नाही. मीटर बसला की ती वायर काढायची. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. दारं बंद, चावी काढलेली, आणि मग अर्धा तास थांबायचं. सगळी यंत्रं झोपल्यावर ५० मिलिअँपियरच्या आसपास आलं तर ठीक. ट्रॅकर असेल तर थोडं जास्त. फास्टॅगला करंट लागत नाही, तो नुसता स्टिकर आहे. त्याच्यावर आळ घेणारे आहेत म्हणून सांगितलं. एक अँपियर दिसला तर दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीत ९६ अँपियर-अवर जातील. १५० अँपियर-अवरच्या बॅटरीला तेवढं पुरे.

करंट कुणाकडे जातोय हे शोधायला फ्यूज उपटत बसू नये, उपटला की यंत्रं जागी होतात. फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांवर मीटर मिलिव्होल्टवर लावावा. शून्य म्हणजे शांत. अर्धा-एक मिलिव्होल्ट दिसला तरी त्या फ्यूजमधून काहीतरी वाहतंय. आणि २४ व्होल्टच्या गाडीसाठी एक खास युक्ती : हेच करंटचं माप एकदा खालच्या बॅटरीच्या मायनसला आणि एकदा वरचीच्या प्लसला घ्यावं. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. मायनसला ४०० मिलिअँपियर आणि प्लसला ४०, तर मधले ३६० मधल्या बोल्टावरून कुणीतरी नेतंय. टेपची वायर काढली असं शपथेवर सांगितलं असलं तरी.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर तक्रारींचा नूर बदलतो. मागच्या दिव्यात पाणी शिरतं, तिथला अर्थ गंजतो, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, पार्किंग लावलं की ब्रेक लाईट. हे भुताटकीसारखं वाटतं, पण अर्थ तुटल्यावर करंट शेजारच्या बल्बातून परतीची वाट शोधतो एवढंच. दिव्यापाशी चॅसीला एक तात्पुरती वायर जोडावी. भूत पळालं तर तीच पक्की करावी. फ्यूज सारखा उडत असेल तर त्याच्या जागी तांब्याची तार घालणाऱ्याला बॉक्सजवळ फिरकू देऊ नये. त्याऐवजी फ्यूजच्या खाचेत तोच २१ वॉटचा बल्ब अडकवावा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण उजेडात पेटतो. मग वायरिंग हलवत मागे जायचं. जिथे हात लागल्यावर बल्ब मंदावतो तिथे आवरण सोललेलं. चॅसीच्या आडव्या पट्टीवर जिथे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वळतो ती जागा पहिली बघावी.

बीएस-६ या धुराच्या नियमातल्या, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत दोन-तीन पथ्यं वाढली. पूर्वी इंजिन एकदा चालू झालं की त्याला वीज जवळपास लागत नसे; धक्का मारून खंबाटकीच्या उतारावर चालू केलेली गाडी कोल्हापूरपर्यंत जायची. आता व्होल्टेज पडलं की इंजेक्शनच होत नाही. म्हणून सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, या तक्रारीतही पहिलं माप बॅटरीचंच. ईसीयूतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर एसपीएन (दोष कशात) १६८ आला तर तो बॅटरी व्होल्टेजचा कोड आहे; एफएमआय (दोष कसला) ३ असेल तर व्होल्टेज जास्त, ४ असेल तर कमी. एकदम दहा-बारा वेगवेगळे कोड, सगळे ‘संपर्क तुटला’ छापाचे, आले तर आधी व्होल्टेज आणि अर्थ, मग कॅन लाईन, म्हणजे ईसीयूंना एकमेकांशी बोलायला दिलेली दोन वायरींची जोडी. बॅटरी तोडून कॅनच्या दोन वायरींत ६० ओहमच्या आसपास यायला हवेत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक सुटलंय.

कटऑफ स्विच फिरवण्याची घाईही आता महाग पडते. चावी बंद केल्यावर, धूर स्वच्छ करायला सोडल्या जाणाऱ्या युरियाचा पंप नळीतलं द्रावण टाकीत परत ओढतो, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात स्विच फिरवला तर द्रावण नळीत आणि नोझलमध्ये राहतं, सुकतं आणि त्याचे खडे होतात. लोणी काळभोरला टँकर भरायला लावणाऱ्यांनी हे दोन मिनिटांचं थांबणं अंगवळणी पाडून घ्यावं. तसंच बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीचे दोन्ही टोक काढायचे, ईसीयू आणि आल्टर्नेटरचे कनेक्टर काढायचे, आणि वेल्डिंगची अर्थ पकड शिवणीच्या शेजारीच लावायची. बंपरला पकड आणि मागच्या फाळक्याला वेल्डिंग, हे बॉडी बिल्डरच्या सोयीचं असतं, गाडीच्या नाही.

सगळं तपासून बॅटरीच खराब निघाली, तर जोडीच बदलावी. एकच कंपनी, एकच अँपियर-अवर, जवळजवळ एकाच महिन्यात बनलेल्या. बसवण्याआधी दोघींना १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळं पूर्ण भरावं, १५० अँपियर-अवरच्या बॅटरीला साधारण १५ अँपियरने. अर्धवट भरलेल्या दोघी सिरीजमध्ये घातल्या तर पहिल्या दिवसापासून वाटणी वाकडी. भोसरी ते चाकण असल्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत आल्टर्नेटर ती वाकडी वाटणी कधीच सरळ करत नाही. शेवटचा वीस टक्के चार्ज फार सावकाश मुरतो आणि तेवढा वेळ गाडी सलग पळतच नाही. अशा गाडीच्या बॅटऱ्या महिन्या-दोन महिन्यांनी बाहेरून भराव्यात. खाली पकड पट्टी घट्ट असावी. हलणारी बॅटरी खड्ड्यांतून प्लेटा झटकते, आणि पुण्यात खड्ड्यांचा वेगळा पुरवठा करावा लागत नाही.

बसवल्याची तारीख दोघींवर ऑइलपेंटने लिहावी, आणि खाली त्या दिवसाचे दोन आकडे. आठवड्याने पहाटे, कुणी चावी लावायच्या आत, बॉक्स उघडून पुन्हा दोघींना वेगवेगळा मीटर लावावा. १२.६ आणि १२.६ असेल तर झाकण लावायचं. १२.६ आणि १२.३ आलं, तर आधी केबिनमध्ये टेप वाजतोय का ते ऐकायचं.